काकांचं एफडब्ल्यूबी 65

स्प्रिंगवर चालणाऱ्या एअर पिस्तुलात ट्रिगर सुटला म्हणजे शॉट झाला असं नसतं. आधी सिअर, म्हणजे स्प्रिंग अडवून धरणारा खटका, सुटतो, मग स्प्रिंग पिस्टनला पुढे ढकलते, पिस्टन समोरची हवा दाबतो, दाब पुरेसा झाला की मग कुठे पेलेट, म्हणजे छर्रा, जागचं हलतं आणि बॅरलमधून बाहेर पडतं. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत होतं, पण तेवढ्यात मनगट ढिलं पडलं किंवा नजर फ्रंट साइट, म्हणजे बॅरलच्या टोकावरची नेमाची खूण, सोडून भोक कुठे पडलं ते बघायला पळाली की दहा मार्कांचा शॉट नऊचा आणि नऊचा आठचा व्हायला वेळ लागत नाही. आत्ताच्या कॉम्प्रेस्ड एअरच्या पिस्तुलांमध्ये हा वेळ बराच कमी झालाय. म्हणून जुनं स्प्रिंगवालं मॅच पिस्तूल हातात घेतलं की पहिले काही शॉट्स माणूस गोंधळतो, मीसुद्धा गोंधळले, आणि त्या गोंधळातूनच मला हे पिस्तूल इतकं आवडायला लागलं की आता त्याच्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

पिस्तूल आमच्या रेंजवरच्या एका काकांचं. ठाण्यात एका शाळेच्या तळमजल्यावर आमची दहा मीटरची रेंज आहे, संध्याकाळी शाळा सुटली की आम्ही तिथे असतो. काकांनी वागळे इस्टेटमध्ये टूलरूमला आयुष्य काढलं, तरुणपणी रविवारी लोकलने दादरला उतरून वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर पॉइंट टू टू पिस्तूल, म्हणजे .22 इंची काडतुसांचं, चालवायला जायचे, आणि आठवडाभर घरी सराव करायला हे एअर पिस्तूल. आता मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हातही थरथरतो, त्यामुळे पिस्तूल कित्येक वर्षं केसमध्येच. त्यांची नात नववीत आहे, तिला शूटिंग करायचंय. काका मला म्हणाले, "अगं, तू एकदा नीट चालवून बघ आणि खरं काय ते सांग. पोरीच्या हातात द्यायच्या लायकीचं राहिलंय का? माझ्याकडे बघून गोड बोलू नकोस."

पिस्तूल म्हणजे फाइनवेर्कबाऊचं, थोडक्यात एफडब्ल्यूबीचं, मॉडेल 65. कंपनी जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ आम नेकारची, माउजर ही बंदुकांची कंपनी ज्या गावची त्याच गावची, आणि हे मॉडेल 1965 चं, त्यावरूनच नाव पडलं. पुढे कितीतरी वर्षं ते बनत राहिलं आणि एका मोठ्या काळात दहा मीटरच्या लाइनवर हेच दिसायचं. एअर पिस्तूल ऑलिंपिकमध्ये आलं 1988 ला, म्हणजे हा इव्हेंट ऑलिंपिकला पोचायच्या आधीच हे पिस्तूल जगभरच्या क्लबांत मुरलेलं होतं.

त्यातली खरी हुशारी रिकॉइल, म्हणजे शॉटचा झटका, मारायच्या पद्धतीत आहे. स्प्रिंग पिस्तुलात पिस्टन जोरात पुढे जातो म्हणून पिस्तूल आधी मागे झटका देतं, आणि पिस्टन टोकाला पोचला की उलटा. म्हणजे पेलेट बॅरलमध्ये असतानाच पिस्तूल हलत असतं. 65 मध्ये वरचा सगळा भाग, बॅरल, सिलिंडर, साइट, सगळंच्या सगळं, खालच्या फ्रेमवर रुळांवर बसवलंय. ट्रिगर सुटला की तो भाग थोडासा मागे सरकतो आणि फ्रेम, म्हणजे तुमचा हात, जिथल्या तिथे. पुढच्या शॉटला बाजूचा लीव्हर ओढला की वरचा भाग परत आपल्या जागेवर येऊन अडकतो. हातात जाणवतं ते इतकंच की कुणीतरी आतून हलकं टकटक केलं. साठच्या दशकात हे सगळं निव्वळ मेकॅनिकल पार्ट्समध्ये जमवलंय, मला तरी ते अजून थोर वाटतं.

शिवाय हे सरकणं लॉक करता येतं आणि ट्रिगरचं वजन, म्हणजे तो सुटायला लागणारा दाब, 500 ग्रॅमवरून 1360 ग्रॅमवर नेता येतं. 500 हे एअर पिस्तुलाच्या नियमातलं किमान वजन. 1360 हे त्या काळच्या सेंटरफायर, म्हणजे मोठ्या काडतुसांच्या, पिस्तुलाचं. म्हणजे घरात बसून मोठ्या पिस्तुलाचा सराव करायची सोय. काका नेमकं हेच करायचे, आठवडाभर झटका चालू ठेवून जड ट्रिगरवर, शनिवारी परत हलक्यावर. रविवारी वरळीला पॉइंट टू टूची काडतुसं मोजून मिळायची, त्यातलं एकही वाया जाऊ नये म्हणून.

तर तपासणी. जुनी बंदूक तपासताना लोक आधी ब्लूइंग, म्हणजे लोखंडावरचा निळसर काळा मुलामा, बघतात, लाकूड बघतात, नंबर बघतात. मला त्याचं फारसं काही वाटत नाही. ठाण्याच्या पावसाळ्यात कपाटात राहिलेल्या लोखंडावर थोडेफार डाग पडणारच. मला तीन गोष्टी हव्या होत्या: वेग सारखा आहे का, ट्रिगर दर वेळी त्याच जागी सुटतो का, आणि बॅरल पेलेट एका भोकात घालते का. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, जे काही वाकडं जाईल त्यातलं पिस्तुलाचं किती आणि माझ्या हाताचं किती, हे वेगळं काढायचं. जुन्या पिस्तुलाबद्दलची निम्मी मतं इथेच फसतात असं माझं स्पष्ट मत आहे. एका हाताने उभं राहून दहा पेलेट मारायचे आणि "अरे हे फेकतंय" म्हणून मोकळं व्हायचं, ह्याला तपासणी म्हणत नाहीत.

म्हणून आधी उभं राहून मारलंच नाही. टेबलावर वाळूची पिशवी, दोन्ही हात टेकवलेले, खुर्चीत बसून. पहिलं कार्ड आणलं तर भोकं आडवी फार पसरली नव्हती, पण उभी एकाखाली एक लागलेली, जणू कुणी ओळीत लावलीत. हे बघून बरं वाटलं, कारण उभी रांग बहुतेक वेळा काहीतरी ठरावीक सांगते, आणि ते म्हणजे वेग कमी-जास्त होतोय.

पेलेटचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ लावला. काही पेलेट 130 मीटर पर सेकंदच्या आसपास, तर मधूनच एखादं 110 ला. आता हिशेब बघा. 130 ने जाणारं पेलेट दहा मीटर पार करायला सेकंदाचे साधारण 77 हजारांश घेतं आणि तेवढ्या वेळात गुरुत्वाकर्षणाने सुमारे 29 मिलिमीटर खाली येतं. 110 वालं जास्त वेळ हवेत राहतं आणि सुमारे 40 मिलिमीटर खाली येतं. हवेचा अडथळा धरलेला नाही, धरला तर फरक अजून थोडा वाढेल. म्हणजे फरक 11 मिलिमीटरच्या वर. आणि टार्गेटवरचं दहाचं वर्तुळच मुळात 11.5 मिलिमीटरचं, पुढे प्रत्येक रिंग 8 मिलिमीटर रुंद. हात दगडासारखा स्थिर असला तरी ह्या पिस्तुलाने दहाचा नऊ केला असता, कधीकधी आठसुद्धा, आणि बिचारी पोरगी स्वतःच्या हाताला दोष देत बसली असती.

मला ह्या गोष्टीचा फार राग येतो. शिकणाऱ्या मुलांच्या हातात कुणीही न तपासलेलं जुनं सामान दिलं जातं आणि मार्क कमी आले की त्यांना कॉन्सन्ट्रेशनवर लेक्चर. एका रेंजवर मी हे डोळ्यांनी बघितलंय, मुलगा दोन सीझन पिस्तुलाच्या गळक्या सीलशी भांडत होता आणि सगळे त्याला ध्यान करायला सांगत होते.

तर सील. 65 मध्ये लीव्हर ओढला की कॉम्प्रेशन चेंबर मागे सरकतं आणि बॅरलचं मागचं तोंड उघडं पडतं, पेलेट तिथे अंगठ्याने बसवायचं. (हे करताना दुसऱ्या हाताने लीव्हर धरूनच ठेवायचा. आत दात्यांची सोय आहे की लीव्हर निसटला तरी चेंबर धाडकन पुढे येऊ नये, पण अर्धशतक जुन्या दात्यांच्या भरवशावर मी माझा अंगठा ठेवणार नाही, नातीला पण पहिला धडा हाच द्यायचा.) लीव्हर मिटला की चेंबर पुढे येऊन बॅरलला चिकटतं आणि त्या सांध्यावर एक लहानशी रिंग असते, ती सील. तिथून हवा गळते का हे बघायची सोपी युक्ती आहे: टिश्यू पेपरची बारीक पट्टी सांध्यावर आडवी ठेवायची आणि शॉट मारायचा. पट्टी हलली नाही तर ठीक. आमची पट्टी उडून काकांच्या चष्म्यावर जाऊन बसली. काका म्हणाले, "झालं. सापडलं." इतके खूश झालेले मी त्यांना बऱ्याच दिवसांनी बघितलं.

सील बाहेरून मागवता आलं असतं, पण काकांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण अजून वागळेत लेथ चालवतो, त्याच्याकडे आम्ही गेलो. जुनी रिंग बोटाने दाबली तर तिचा भुगा झाला. काकांनी खाचेचं माप व्हर्नियरने घेतलं, मग मायक्रोमीटरने घेतलं, मग परत घेतलं, हात थरथरतो पण मायक्रोमीटर हातात आला की थरथर कुठे जाते कोण जाणे. मुद्दा असा की रिंग जाड झाली तर चेंबर पूर्ण मिटत नाही, लीव्हर अडतो, बारीक झाली तर गळती तशीच. पॉलियुरेथेनच्या रॉडमधून थोड्या थोड्या जाडीच्या रिंगा कापून घेतल्या आणि एकेक बसवून बघितली. जी बसली ती बसताना लीव्हरला शेवटी अगदी थोडा विरोध जाणवतो, तेवढाच हवा.

तिथेच काकांनी पिस्तूल उघडलं. हे मी करत नाही आणि तुम्हीही माहीतगार माणूस शेजारी नसेल तर करू नका, आतली स्प्रिंग दाबलेली असते आणि ती कुणाची ओळख ठेवत नाही. आत ग्रीस घट्ट होऊन बसलं होतं, वर्षानुवर्षं न चालवलेल्या शिलाई मशीनमध्ये तेल चिकटून बसतं ना तसं. ट्रिगरच्या पार्ट्सवर पण तेच. मला वाटलं होतं ट्रिगर झिजलाय, कारण दुसऱ्या टप्प्यात मधेच अडखळायचा, सुटेल वाटलं की सुटायचा नाही. साफ केल्यावर काय निघावा! पहिला टप्पा हलका, लांब, मग एक भिंत, आणि भिंतीवर दाब वाढवत गेलं की कुठलीही हालचाल न जाणवता सुटतो. 500 ग्रॅमचं वजन ट्रिगरला लटकवून बॅरल उभी धरून बघितलं, वजन उचललं, सुटला नाही. परत उचललं, नाही सुटला. मॅचला इक्विपमेंट कंट्रोलवाले असंच तपासतात आणि तिथे हे आजही पास होईल.

सील बसवल्यावरचा क्रोनोग्राफ बघण्यासारखा होता, सगळे आकडे तीन मीटर पर सेकंदच्या आत. तेवढ्या फरकाने कार्डावर दीड मिलिमीटरसुद्धा पडत नाही. मग बॅरलला कुठलं पेलेट आवडतं ते. मॅच पेलेट बाहेरून सगळे सारखेच दिसतात, चपट्या तोंडाचे, कागदात स्वच्छ गोल भोक पाडणारे, पण डब्यांवर डोक्याचं माप लिहिलेलं असतं, 4.49, 4.50, 4.51 असं. हा मिलिमीटरचा शंभरावा भाग कुणाला वेडेपणा वाटेल. ह्या बॅरलमध्ये 4.49 अंगठ्याने नुसतं लोटलं की आत पडतं, 4.51 ला जोर द्यावा लागतो आणि कडा किंचित मुडपते, 4.50 बसताना एक सारखा, मऊ विरोध. टेकवून पाच-पाचचे ग्रुप, म्हणजे एकाच जागी नेम धरून पाच-पाच शॉट, मारले. 4.50 चा ग्रुप म्हणजे एकच कुरतडलेलं भोक, बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत दहाच्या वर्तुळापेक्षा लहान. कार्ड काकांच्या हातात दिलं तर ते त्यांनी उजेडाकडे धरून कितीतरी वेळ बघितलं.

म्हणजे पिस्तूल माझ्यापेक्षा चांगलं आहे. हे आता कागदावर सिद्ध झालं होतं, आणि मगच मी उठून उभी राहिले.

उभं राहून, एका हाताने, ही वेगळीच गोष्ट. पिस्तूल जवळपास 1.2 किलोचं आणि वजन पुढे. नियमाची मर्यादा 1.5 किलोची आहे, पण माझं रोजचं पिस्तूल ह्याच्यापेक्षा बरंच हलकं, त्यामुळे खांद्याला फरक लगेच कळला. गंमत म्हणजे पुढे वजन असल्यामुळे ते भिरभिरत नाही, सावकाश डुलतं. बॅरल हाताच्या बरीच जवळ, त्यामुळे मनगट वर-खाली फिरत नाही. टार्गेटवरच्या काळ्या गोलाच्या खाली पांढऱ्यात नेम धरायचा, फ्रंट साइट धारदार, टार्गेट धूसर, दाब वाढवत राहायचं. आणि सुटल्यावर तसंच थांबायचं. हे थांबणंच मला इथे नव्याने करावं लागलं. माझ्या पिस्तुलात फॉलो थ्रू, म्हणजे हे सुटल्यावरचं थांबणं, थोडा आखडता घेतला तरी खपून जातं, पेलेट तोवर गेलेलं असतं. 65 खपवून घेत नाही. साइट सुटण्याच्या क्षणी कुठे होती आणि नंतर कुठे गेली हे दोन्ही बघत राहावं लागतं, आणि तसं बघितलं की भोक कुठे असेल ते कार्ड न बघता सांगता येतं. त्या आठवड्यात मी माझ्या पिस्तुलावर परत गेले तेव्हा उजवीकडे खाली जाणारे माझे जुने नऊ कमी झाले होते. ह्याचं श्रेय मी पूर्णपणे काकांच्या पिस्तुलाला देते.

दमवतं मात्र. साठ शॉट म्हणजे साठ वेळा लीव्हर, आणि नेम धरणारा हात दर वेळी खाली येऊन पिस्तूल धरून ठेवणार. आता पुरुष-महिला दोघांनाही साठच शॉट आहेत, महिलांचे 2018 पासून चाळीसचे साठ झाले, इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर वेळ 75 मिनिटं. तेवढ्यात हे बसतं, पण शेवटच्या वीस शॉटला खांदा बोलायला लागतो. आजच्या मॅचमध्ये जिंकायला कुणी हे घेऊन उतरावं असं मी म्हणणार नाही. नव्या पिस्तुलांनी शूटरचं बरंचसं ओझं कमी केलंय हे खरंच आहे.

पण नव्याचे पण आपले नखरे आहेत. दाबलेल्या हवेचं 200 बारचं सिलिंडर, ते भरायला मोठी टाकी किंवा घाम काढणारा पंप, आणि सिलिंडरला उत्पादनाच्या तारखेपासून मुदत, ती संपली की चालत असलं तरी बदला. मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला पहिल्याच दिवशी हे सगळं घ्यायला लावणं मला पटत नाही. आणि बंद तर काहीही पडू शकतं, टोकियोला पात्रता फेरीत मनू भाकरचं पिस्तूल ऐन मॅचमध्ये बिघडलं होतं, तेव्हा सगळ्या देशाने टीव्हीवर ते पाहिलं. तीच मुलगी 2024 ला पॅरिसहून दोन ब्राँझ घेऊन आली. आमच्या रेंजवरच्या मुली राही सरनोबतचं नाव घेतात, कोल्हापूरची, 2018 च्या एशियन गेम्समध्ये 25 मीटर पिस्तूलचं गोल्ड. तिचं पिस्तूल पॉइंट टू टू, काका रविवारी वरळीला चालवायचे त्याच जातीचं, आणि काका ते नाव ऐकलं की प्रत्येक वेळी ताठ बसतात.

काकांना मी खरं तेच सांगितलं. "काका, पिस्तूल एक नंबर आहे. बॅरल उत्तम, ट्रिगर उत्तम, वेग आता सारखा. पण नातीला आज उभं राहून एका हातात देऊ नका. वजन तिच्या खांद्याला जास्त होईल आणि ग्रिप तुमच्या पंजाची आहे." ग्रिप अक्रोडाची, काकांनी स्वतः कानस मारून आणि लाकडाची लांबी (पुट्टी) भरून आपल्या तळव्याला बसवलेली, त्यांच्या अंगठ्याची जागा अजून चकचकीत. नातीने धरलं तर तिचं बोट ट्रिगरच्या मधल्या भागापर्यंत पोचेना, टोकच कसंबसं. असं धरून मारलं तर ट्रिगर सरळ मागे न येता तिरका ओढला जातो आणि ती सवय पुढे मोडता मोडत नाही. काकांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "ग्रिपला हात लावू नका. ती माझी. तिच्यासाठी दुसरी करू."

लायसन्सचं नातीच्या आईने विचारलं, ते बरोबरच आहे. 4.5 मिलिमीटरचं आणि 20 ज्यूलच्या आतलं एअर पिस्तूल आर्म्स रूल्स 2016 प्रमाणे लायसन्सशिवाय ठेवता येतं, हे जेमतेम साडेचार ज्यूलचं. पण साडेचार ज्यूल डोळ्याला पुरेसे असतात. त्यामुळे केसला कुलूप, पेलेट वेगळ्या कपाटात, रेंजवर नसताना बॅरलमधून भगव्या रंगाची सेफ्टी दोरी आरपार, आणि पेलेट नसताना शॉट मारायचा नाही, ते माणसांसाठी नाही तर पिस्टनसाठी, समोर पेलेटचा अडथळा नसला की तो टोकाला जाऊन आपटतो. शिवाय आपल्याकडच्या दमटपणात प्रत्येक सेशननंतर तेलाचं फडकं बाहेरून फिरवायचं, खासकरून जून ते सप्टेंबर, घामाचा हात लागलेली जागा दोन दिवसांत लाल होते.

नातीची ग्रिप आता सागाच्या तुकड्यातून निघतेय, लेथवाल्याच्या ओळखीतला एक सुतार करतोय, तिच्या पंजाचा ठसा पीओपीमध्ये घेऊन दिलाय. तोपर्यंत ती खुर्चीत बसून, दोन्ही हात वाळूच्या पिशवीवर टेकवून मारते, आणि टार्गेट कार्ड उलटं लावलेलं, म्हणजे समोर नुसता पांढरा कागद. काळं दिसलं की मुलं काळ्याकडे बघतात, पांढऱ्या कागदावर बघायला फक्त साइट उरते. मार्क नाहीत, फक्त ग्रुप किती लहान आला ते. काका शेजारी स्टूल टाकून बसतात आणि शॉट सुटला की दर वेळी तिला विचारतात, "साइट कुठे होती?" ती कार्डाकडे बघून उत्तर द्यायला गेली की त्यांना लगेच कळतं, आणि तो शॉट ते वहीत धरत नाहीत.